पाण्याच्या रेषेवरचा चेहरा

लाकडी होड्या बंद झाल्या आणि आमच्या घरात दूध येईनासं झालं. काळा चहा, पेज, भाजलेला सुका जवळा. रविवारी मिस्साला घालायच्या माझ्या फ्रॉकची मुडप आईने दोनदा सोडली. तिसऱ्यांदा सोडायला कापडच उरलं नव्हतं. वसईच्या आमच्या किनाऱ्यावर पप्पा होड्या बांधायचे, त्यांच्या आधी आजोबा. फायबरच्या होड्या साच्यातून निघतात, त्यांना सुतार लागत नाही. पप्पांनी पटाश्या, वाकस, गिरमिट सगळ्याला तेल चोपडलं, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि स्टेशनजवळच्या एका फर्निचरच्या कारखान्यात प्लायवूडवर सनमायका चिकटवायला लागले. संध्याकाळी जेवायला बसले की बोटांवरचा सुकलेला पांढरा गोंद सोलत राहायचे.

"ताटात नको सोलू," आई म्हणायची.

"ताटात दुसरं आहे काय?" पप्पा म्हणायचे, आणि दोघंही हसायची. मला ते हसणं तेव्हा कळायचं नाही.

हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. तसं होतं, एवढंच.

हे सगळं पुन्हा वर आलं ते एका वासामुळे. मागच्या हिवाळ्यात अबू धाबीच्या एका संग्रहालयात, मागच्या बाजूच्या थंडगार खोलीत, एक पेटी उघडली जात होती आणि मी हातमोजे घालून बाजूला उभी होते. मी मुसफ्फा या तिथल्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये काम करते. संग्रहालयांतल्या वस्तूंना धरून ठेवणाऱ्या पकडी, आधार, काचेच्या पेट्या आम्ही बनवतो. वस्तू दिसली पाहिजे, तिला धरणारा हात दिसता कामा नये, असं आमचं काम. त्या पेटीतून आली एक मूर्ती, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत असेल एवढीच. काळं लाकूड. कपाळापेक्षा जबडा पुढे आलेला, जणू चेहऱ्याने पाणी ढकलायचं ठरवलंय. कानांत मोठ्या चकत्या, गालांवरून डोळ्यांपर्यंत शिंपल्याच्या तुकड्यांची चमकती नक्षी. हनुवटीखाली दोन हात, आणि हातांत जपून धरलेला एक छोटा पक्षी.

प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरच्या लांब होड्यांच्या नाळेवर हा चेहरा बांधत असत. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. पण टोकाच्या वर नाही, अगदी खाली, जिथे पाणी लाकडाला लागतं तिथे. होडी हलली की हा लाटेत बुडायचा, वर यायचा. पाण्यातली भुतं होडी उलटवायला येतात. त्यांनी आधी याला बघावं, अशी तिथल्या लोकांची समजूत.

पेटीतला कागद बाजूला झाला आणि वास आला. जुनं लाकूड, धूर, थोडं तेल. संग्रहालयाची मॅडम रीमा इंग्रजीत काहीतरी मोजमाप सांगत होती. मला ऐकूच येईना. मी किनाऱ्यावर पोचले होते.

होळी उलटून गेली की आमच्या किनाऱ्यावर वासांचा मोसम सुरू व्हायचा. सागाचा भुसा. उकळती राळ. फळ्यांच्या फटींत ठोकायचा कापूस तेलात भिजवून ठेवलेला. आणि सगळ्यांवर मात करणारं मुशी माशाचं तेल, होडीच्या अंगाला चोपडायचं. त्याचा वास केसांत बसायचा आणि शाळेत बाकावरची मुलगी सरकून बसायची. मला त्याची लाज वाटायची नाही, कारण ज्या दिवशी तो वास यायचा त्या दिवशी घरात मटण असायचं.

होडीची बाकीची सगळी कामं पप्पा गड्यांबरोबर करायचे. एक मात्र एकट्याने. नाळेच्या टोकावरचा पोपट. आजोबा मालवाहू गलबतांवर मोठा पोपट कोरायचे. पप्पांनी तो लहान करून मासेमारीच्या होड्यांवर आणला. फणसाचं लाकूड घ्यायचं, पिवळंधमक, ताजं तासलं की गोड वास येणारं. पप्पा मांडी घालून बसायचे, तुकडा दोन पायांच्या तळव्यांमध्ये धरायचा आणि पटाशीवर मोगरीने टक्, टक्. मधेच थांबायचे. मग पुन्हा टक्. मी समोर बसून ढलप्या गोळा करायचे, आईला चुलीला लागायच्या.

आमच्या पोपटाची मान मागे वळलेली असायची. समुद्राकडे पाठ, होडीकडे तोंड.

"पुढे का नाही बघत?" मी विचारलं होतं.

"तांडेल कुठे बसतो?"

"मागे. सुकाणूवर."

"मग? पोपटाने तांडेलाकडे बघायचं. तांडेल समुद्राकडे बघतो. त्या दोघांचं आपसात काय ते ठरतं. आपण कोण मध्ये बोलणारे?"

होडी पाण्यात उतरायच्या दिवशी पोपटाच्या गळ्यात झेंडूचा हार, त्याच्याखाली लाकडी क्रूस. फादर पांढऱ्या झग्यात, झग्याची कड वर धरून, वाळूत जपून पाय टाकत यायचे. आशीर्वादाचं पाणी शिंपडायचे आणि वाऱ्याने निम्मं आमच्याच तोंडावर. बायका टोपल्यांतून मैद्याचे तळलेले फुगे वाटायच्या, गरम, हातात तेल उतरवणारे. मग ओंडक्यांवरून होडी ओढायची. पुरुषांचा एक लांब हुंकार, दोर ताणला जायचा, होडी हातभर सरकायची, पुन्हा हुंकार.

आम्ही मुलं आधीच पाण्यात. सांगूनही बाहेर न येणारी. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि होडी आपल्याकडे येताना बघायची, ही आमची हौस. काठावरून होडी जेवढी दिसते तेवढी ती नसतेच. पाण्यात उभं राहिलं की कळतं. नाळ अंगावर येते, सूर्य झाकतो, आणि जो पोपट महिनाभर पप्पांच्या पायांत लोळत होता, तो वर कुठेतरी आभाळात, फक्त चोचीची खालची बाजू दाखवणारा. त्या क्षणी मला आमच्याच पोपटाची भीती वाटायची. चांगली भीती. मग कोणीतरी दंड धरून बाजूला ओढायचं.

या होड्या आता नाहीत. त्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. एकीचा पोपट खाडीपलीकडच्या एका रिसॉर्टमध्ये दारूच्या काउंटरवर लावलाय म्हणे. मी बघायला गेले नाही.

शाळा संपली तेव्हा मला मुंबईच्या कला महाविद्यालयात मूर्तिकला शिकायची होती. प्रवेश परीक्षेत मातीचा गोळा दिला आणि विषय दिला, उडता पक्षी. मी पोपट केला. पंख पसरलेले, शेपूट ताणलेली, आणि मान मागे वळलेली. उडणारा पक्षी मागे बघत नाही हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. परीक्षक माझ्या टेबलापाशी थांबले, डोकं वाकडं करून बघितलं, म्हणाले, "हा कशाला तरी आपटणार," आणि पुढे गेले. त्या वर्षी माझं नाव लागलं नाही.

वर्षभर मी एका गाळ्यात खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या. दुसऱ्या वर्षी गेले, विषय वेगळा होता, तरी पक्षी करता येत होता. पक्षीच केला, मान सरळ. प्रवेश मिळाला. घरी येऊन पप्पांना सांगितलं तर ते गोंद सोलता सोलता थांबले.

"सरळ बघणारा पोपट केलास?"

"हो."

"कसा दिसत होता?"

"कबुतरासारखा."

पप्पा इतके हसले की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग त्यांनी माळ्यावरून गोणपाट काढलं, एक पटाशी निवडली, दगडावर घासली आणि माझ्या दप्तरात टाकली. वर म्हणाले, "पण डिग्री घेऊनच ये. अर्धवट शिकलेले सुतार आपल्याकडे आहेत पुष्कळ." आमच्या घरात तोवर कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

डिग्रीनंतर दुबईत एका कंपनीत लागले, मॉलच्या काचांमागे थर्माकोलचे उंट करायचे. तिथून मुसफ्फा. मुसफ्फात आमच्या एका बाजूला गाड्यांचं डेंटिंग, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या खिडक्या, समोर कॅफेटेरियात करक चहा. वेल्डिंगचा वास, गरम धूळ, दुपारच्या बांगेनंतरची थोडी शांतता. किनारा नाही. तरी फोरमन शाजी लाकडाला रंधा मारायला लागला की मी कामाशिवाय त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहते. तो केरळच्या किनाऱ्यावरच्या कोल्लमचा. तो विचारत नाही.

सॉलोमनची ती मूर्ती ही माझ्या एकटीच्या जबाबदारीवरची पहिली मांडणी. आधी मी दुसऱ्यांच्या आराखड्यांवर काम केलेलं. संग्रहालयाचा आराखडा असा, की दालनाच्या मधोमध उंच चौथरा, वर काचेची पेटी, मूर्ती माणसाच्या नजरेसमोर. सुंदर दिसली असती. पण मला ती तिथे नको होती. हा चेहरा पाण्याच्या रेषेवर राहिलेला, त्याला छातीएवढ्या खांबावर चढवायचं म्हणजे तांडेलाला डोलकाठीवर बसवण्यासारखं. मी रीमाला सांगितलं, मूर्ती खाली हवी, जमिनीपासून वीतभर.

रीमा बैरूतची, माझ्याच वयाची, बोलायला गोड आणि नाही म्हणायला पक्की. "हबीबती, लोक येणार, उभे राहणार आणि त्यांना याचं फक्त टक्कल दिसणार."

"होडीतल्या लोकांनाही तेवढंच दिसायचं."

"होडीतल्या लोकांनी तिकीट काढलं नव्हतं."

मी एवढंच मागितलं की एकदा वर्कशॉपला येऊन बघ. ती म्हणाली, येईन, पण मला पटलं नाही तर चौथरा. त्यानंतर खलास, चर्चा नाही.

आम्ही फोमची नक्कल केली, काळी रंगवली, डोळ्यांना शिंपल्याऐवजी चंदेरी पट्टी. लाकडी नाळेचा आकार कापून त्यावर खाली ती बांधली. त्या आठवड्यात घरी माझं लक्ष नव्हतं. पप्पा व्हिजिटवर आले होते. आई आली नव्हती. विमानाची खिडकी उघडत नाही असं कोणीतरी तिला सांगितलं होतं. शाबियातल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत पप्पा दिवसभर बसायचे, खालच्या गाड्या बघायचे. माझी मुलगी रिया त्यांना मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यांचं छान चालायचं.

"तुझी आई काय काम करते गं?" पप्पांनी तिला विचारलं.

"शी होल्ड्स थिंग्ज, पप्पाजी."

"काय धरते?"

"ओल्ड थिंग्ज."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. गावात त्यांनी सांगून ठेवलं होतं की मुलगी कपाटांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी काही सुधारलं नाही. सांगून कळण्यातलं ते नव्हतं.

रीमा आली ती दुपारी, उंच टाचांचे बूट, हातात फाइल. शाजीने तिच्यासाठी रंगाचा डबा उलटा घातला, वर कापड पसरलं. ती उभीच राहिली. नकलेकडे बघितलं, दोन पावलं मागे गेली, पुन्हा बघितलं.

"टक्कल," ती म्हणाली.

"मॅडम, नीचे बैठने से बहुत अच्छा दिखता है," शाजी म्हणाला.

"सबको नीचे बिठाएगा तू?" रीमाने इथे शिकलेल्या तोडक्या हिंदीत विचारलं.

तरीही ती खरोखर खाली वाकली, एका हाताने माझा खांदा धरून. बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहिलं. उठली तेव्हा तिचा आवाज मऊ होता, म्हणून मला कळलं की नाही म्हणणार आहे. "इथून तो माझ्याकडे बघतो. मला दिसतंय तुझं म्हणणं. पण म्हातारी माणसं कशी वाकणार? व्हीलचेअरवाले? मुलं लाथ मारतील. सॉरी. चौथरा कर."

ती फाइल बंद करत होती. माझ्या डोळ्यांसमोर होडी येत होती. कमरेएवढं पाणी, आणि होडी अंगावर. मला एकदम वाटलं, आपण चुकीची वस्तू हलवतोय. खाली-वर मूर्तीला कशाला करायचं? माणसांना पाण्यात उतरवलं पाहिजे.

संग्रहालयाच्या त्या दालनात शिरताना एक उतार होता. जुनी जमीन वर, नवी खाली, म्हणून व्हीलचेअरसाठी केलेला लांब उतार. त्याच्या बाजूची भिंत कोरी होती. उतारावर कोणी कधी काही मांडत नाही. आमच्या वर्कशॉपलाही ट्रकमधला माल उतरवायला तसाच एक उतार आहे, थोडा उभट.

"दहा मिनिटं दे," मी म्हणाले. "शाजी, उठाओ इसको."

आम्ही नक्कल उचलून उताराच्या बाजूच्या भिंतीला लावली, अगदी खालच्या टोकाजवळ, पण उंची वरच्या जमिनीइतकी. शाजीने दोन क्लॅम्पनी धरून ठेवली, स्वतः मागे पोटावर पडून. रीमाला वरून चालत यायला सांगितलं. वर उभी होती तेव्हा चेहरा तिच्या पायांच्या पातळीला, लांब. ती उतरू लागली. घोट्याशी. गुडघ्याशी. ती हळू झाली. मांडीशी. खाली पोचली तेव्हा चेहरा तिच्या पोटाजवळ, जबडा पुढे काढून तिच्याकडे येत असलेला, आणि ती कमरेएवढ्या पाण्यात.

ती परत वर गेली. पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी उतरली.

"मॅडम, जल्दी," भिंतीमागून शाजी म्हणाला, "हाथ गया मेरा."

"यल्ला," रीमा म्हणाली, हसत. "उतारावर."

मग कामाला लागलो. मूर्तीच्या पाठीला बांधायची जुनी भोकं आहेत, तिथल्याच कोणीतरी पाडलेली. त्यांतूनच दोरा घेतला. मागे पितळेची पातळ पकड, तिला आतून मऊ कापड. खिळा नाही, गोंद नाही. भिंतीवर नाळेची फक्त काळी कड, आणि तिच्या खालून निळसर काचेची एक रेघ, वरच्या जमिनीच्या बरोबरीने दालनभर फिरणारी. ती पाण्याची पातळी. चेहरा रेघेवर. हनुवटी किंचित खाली, जशी ओली होत असेल.

प्रदर्शन उघडल्यावर पहिल्या शुक्रवारी पप्पांना घेऊन गेले. दाराशी व्हीलचेअर होत्या. पप्पांचे गुडघे गेले आहेत, पण मान्य करत नाहीत.

"मी काय मेलोय का, मला ढकलायला?"

"पप्पाजी, इट्स फन," रियाने हँडल धरलं होतं. "आय विल ड्राइव्ह."

"लायसन आहे का तुझ्याकडे?" असं म्हणत ते बसले.

मी मुद्दाम मागे राहिले. रिया त्यांना उतारावर घेऊन आली, मी सांगितलं होतं तशी, हळू. वरच्या टोकाला पप्पा छताचे दिवे बघत होते. मधे कुठेतरी त्यांची नजर खाली आली. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले. खुर्ची उतरत गेली आणि तो काळा चेहरा पाण्याच्या रेघेवरून त्यांच्या समोर येत गेला, आणि खाली पोचले तेव्हा दोघांचे डोळे बरोबर समोरासमोर होते. बसलेल्या माणसाची उंची मी धरली नव्हती. ती तशीच आली.

मागून लोक येत होते, वळसा घालून जात होते. मी जवळ गेले.

"कोणी कोरलाय?" पप्पांनी विचारलं.

"नाव माहीत नाही. जुना आहे."

"आणि असा कोणी ठेवला?"

"मी."

त्यांनी मान हलवली, चेहऱ्यावरून डोळे न काढता. उजव्या हाताचा अंगठा मांडीवर पुढे-मागे फिरत होता, लाकूड तपासावं तसा.

"शाल वी गो, पप्पाजी? देअर इज मोअर," रिया म्हणाली.

"थांब गं बाय. हे बघू दे." मग मला म्हणाले, "बंद कधी होतं हे?"

"संध्याकाळी."

"मग ढकलू नका. तुम्ही दोघी फिरून या."

आम्ही फिरून आलो. दालनाच्या बाहेरच्या पाटीवर, मांडणी करणाऱ्यांत, माझं नाव आहे. माझं आणि पप्पांचं आडनाव एकच, लग्नानंतर मी ते बदललं नाही. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. ती मूर्ती मी बसवली, आणि माझ्या वडिलांनी ती पाहिली.